आटलेल्या सरोवराकाठचे मासेमारीचे दगडी बांध : ड्रोन उडण्याआधी खुणा कुठे लावाव्यात

कंट्रोल पॉइंटच्या खुणा, म्हणजे ड्रोनच्या फोटोंचा नकाशा जमिनीशी जुळवण्यासाठी नेमकी जागा आणि उंची मोजलेल्या खुणा, बरेच ग्राहक आम्ही पोहोचण्याआधीच लावून ठेवतात. हरकत नाही, वेळ वाचतो. पण त्या जुन्या काठाच्या कडेकडेने एका ओळीत लावल्या असतील, तर वाचलेला वेळ तर जातोच, वर दुसरी खेप पडते.

सगळ्या खुणा १० मीटर रुंदीच्या पट्ट्यात असतील आणि तेवढ्या रुंदीत उंचीची २ सेंटिमीटर चूक राहिली, तर अख्खा नकाशा त्या ओळीभोवती कलतो. २०० मीटरवर तीच चूक ४० सेंटिमीटर होते. ढासळलेला बांध तर अनेकदा गुडघ्याएवढाही नसतो. कॅलिफोर्नियातल्या काहुइया सरोवराचं पाणी ओसरत गेलं, तसे बांधही खाली-खाली रचले गेले. तिथे ओळींच्या उंचीतला फरक हाच पाणी उतरल्याचा पुरावा आहे. नकाशा कलला की तोच जातो.

म्हणून चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, अशा निदान पाच खुणा हव्यात. शिवाय नुसत्या पडताळणीसाठी तीन. तळाकडच्या भागात पाय रुततात म्हणून तिकडे जायचं टाळलं जातं. नेमक्या तिथल्याच खुणा राहून जातात. पाटी ५० सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची आणि बिनचकाकीची असावी. मिठाच्या पांढऱ्या थरावर चुन्याची फुली दिसत नाही. पाटीवर वजन म्हणून वाळूची पिशवी ठेवा. बांधाचा दगड उचलून ठेवू नका, तो दगड म्हणजेच पुरावा.

‘आरटीके ड्रोन असताना खुणा कशाला?’ आरटीके, म्हणजे उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत जागा मोजायची सोय, कॅमेऱ्याची जागा सांगते, पण लेन्सच्या मापात फरक राहिला तर पूर्ण पृष्ठभाग वर-खाली सरकतो. ते खुणांशिवाय कळत नाही. सपाट तळाचा नकाशा मध्ये फुगू नये म्हणून आम्ही तिरक्या कॅमेऱ्याने आडव्या फेऱ्याही घेतो. बिलात त्या जास्तीच्या वाटतात, पण गाळत नाही.

१०० मीटरवरून काम लवकर उरकतं खरं. पण एक इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्यात २० सेंटिमीटरचा दगड तिथून जेमतेम सात पिक्सेलचा दिसतो. ४० मीटरवरून अठरा. आम्ही ४०च धरतो, शेजारच्या फोटोंचा ओव्हरलॅप, म्हणजे दोन्हींत येणारा सामाईक भाग, पुढे ८० आणि बाजूला ७० टक्के. सावल्यांवरून बांध शोधायचे असतील तर उन्हं कलल्यावरची फेरी वेगळी सांगा.

उंची समुद्रसपाटीपासून हवी की जीएनएसएसची (जीपीएससारख्या उपग्रहांवरून मोजलेली) थेट, हेही आधी कळवा. जागेची हद्द पाठवलीत तर खुणांच्या जागा आखून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पाट्या आणि पिशव्या भाड्याने मिळतील.