एमपीचं पेंच की महाराष्ट्राचं पेंच? पैसे भरण्याआधी बघून घ्या

मे महिना लागला की इंदूरला रामबागेत नाहीतर टिळकनगरात कुणाच्या ना कुणाच्या घरी बेत शिजतोच, की गाडी काढायची, नागपूरच्या मित्रांकडे दोन दिवस टाकायचे आणि जाता-येता जंगल बघायचं. मग ग्रुपवर कुणीतरी "पेंच बुक केलं रे" टाकतं, सगळे अंगठे दाखवतात, पण कुठलं पेंच हे कुणी विचारतच नाही! कारण पेंच दोन आहेत. नदी एक, जंगल एकाला एक लागून, पण राज्यं दोन, बुकिंगच्या साइट दोन आणि गेटं तर पार वेगळी.

वरचं ते आपलं, म्हणजे मध्य प्रदेशचं, सिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यात. नाव इंदिरा प्रियदर्शिनी पेंच राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प झाला १९९२ मध्ये. खालचं नागपूर जिल्ह्यात, ते पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान, १९७५ चं, व्याघ्र प्रकल्प १९९९ मध्ये. वरती लेक, खाली वडील, एवढं ध्यानात ठेवलं तरी बोर्ड वाचून कळतं आपण कुठे आलोय.

खरी गफलत गेटांची होते. एमपीचं सगळ्यात गर्दीचं गेट टुरिया, ते नागपूर-सिवनी हायवेवरच्या खवासाहून आत जातं. करमाझिरीला सिवनीच्या बाजूनं जायचं, जमतऱ्याला छिंदवाड्याच्या. महाराष्ट्राची मुख्य नावं म्हणजे सिल्लारी आणि खुर्सापार. यातलं खुर्सापार अगदी सीमेला चिकटून आहे, त्यामुळे खवासाच्या आसपास मुक्काम असेल तर सकाळी टुरिया आणि दुसऱ्या दिवशी खुर्सापार असं आरामात जमतं. सिल्लारीचं तसं नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी मुक्काम सिल्लारीला घेतला, सफारी टुरियाची काढली, का तर दोन्हीकडे पेंचच लिहिलं होतं, आणि मग पहाटेच्या अंधारात पोरंबाळं अर्धवट झोपेत गाडीत कोंबून हायवेनं पळत सुटले. म्हणून परमिटवर आधी राज्य बघा, मग गेटाचं नाव आणि हॉटेलचा पत्ता सगळ्यात शेवटी.

कुठलं घ्यायचं हे मुलताईलाच ठरतं असं मी म्हणेन. इंदूरहून हरदा, बैतूल करत मुलताईला पोचलात की एक रस्ता छिंदवाड्यावरून सिवनीला जातो आणि दुसरा पांढुर्णा, सावनेर करत नागपूरला. मित्र सिवनीत किंवा जबलपूरला असतील, पुढे कान्हा करायचं असेल, तर एमपीचंच पेंच घ्या, उगाच खाली उतरू नका. मुक्काम नागपूरला असेल आणि नंतर ताडोबा डोक्यात असेल तर महाराष्ट्राचं सोयीचं. टुरियाला जागा मिळाली नाही म्हणून लोक तोंड पाडून खुर्सापार घेतात, ते मला काही पटत नाही, जंगल तेच आहे, सागाचंच आहे.

उन्हाळ्यात जायचं कारणही दोन्हीकडे सारखंच, पाणी. पेंच नदीवरचं तोतलाडोहचं धरण महाराष्ट्रात, पण त्याचा फुगवटा बराचसा एमपीच्या जंगलात पसरलाय. मे मध्ये पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर काठाकाठानं हिरवं गवत येतं. आजूबाजूला सगळं करपलेलं, पानं गळलेल्या कुलूच्या झाडांचे पांढरेफटक बुंधे भर उन्हात चमकतायत आणि त्या हिरव्या पट्ट्यावर चितळांचे कळपच्या कळप, मधूनच एखादं मान वर करून एकाच दिशेला बघत थांबतं की गाइड जिप्सी बंद करायला सांगतो. वाघ दिसेलच असं नाही, पण ते थांबणं बघण्यासारखं असतं. आणि हो, नागपूरला मित्राकडे जे पाणी पिता ते याच पेंचचं.

महाराष्ट्राच्या बाजूचं एक मात्र वरच्या पेंचकडे नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या भागाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे दिव्यांचा उजेड आवरून तारे बघण्यासाठी अंधार राखलेल्या जागेचा दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच. इंदूरच्या गच्चीवरून हल्ली मोजून चार तारे दिसतात, तेव्हा मुलं सोबत असतील तर अमावस्येच्या आसपासची तारीख धरा, चांदणं असेल तर मजा निम्मी.

बाकी एमपीत बुधवारी दुपारची सफारी बंद असते, हा नियम खालच्या पेंचला लावू नका, त्यांचं त्यांच्या साइटवर बघा. एक जुलैपासून सप्टेंबरअखेर कोर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग बंद, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आत काय ते उरका. आणि बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर टाकलाय तेच ओरिजिनल सोबत घ्या, मोबाइलमधल्या फोटोवर गेटवाले ऐकतीलच या भरवशावर जाऊ नका.