फोटो माल की सेवा? सीमाभागातल्या जाहिरात-फोटोग्राफीची पार्श्वभूमी

एके काळी बेळगाव-निपाणीकडच्या व्यापाऱ्याचे फोटोवाचून फारसे अडत नसे. विडीच्या बंडलावर मालकाचा चेहरा आला की काम भागे. पुढे उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांना कॅटलॉग लागू लागले, शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांना पदर नीट दिसणारे फोटो हवे झाले. यासाठी वेगळा माणूस नव्हता. लग्नाचे अल्बम करणाराच पांढऱ्या कागदावर व्हॉल्व्ह ठेवून तो टिपून द्यायचा. रोल गेला, डिजिटल आले, ही पुढची हकिकत सगळ्यांना पाठ आहे. कराची हकिकत मात्र धंद्यातल्या नव्या पोरांना ठाऊक नसते, आणि बिलातला गोंधळ तर तिथूनच आला.

वाद एकाच प्रश्नाचा होता: गिऱ्हाईक स्टुडिओतून प्रिंट घेऊन जातो, तेव्हा तो माल विकत घेतो की फोटोग्राफरच्या हाताचे पैसे देतो? १९८२च्या ४६व्या घटनादुरुस्तीने कामाच्या करारात, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामात, वापरलेल्या मालावर विक्रीकर लावायची वाट राज्यांना मोकळी झाली. कर्नाटकाने १ जुलै १९८९पासून फोटो, प्रिंट आणि निगेटिव्ह तयार करून देण्याच्या कामाला या कराच्या यादीत घातले. २०००मध्ये न्यायालयांनी ते चुकीचे ठरवले: फोटोत मुख्य असते ते कसब, कागद नाममात्र, म्हणून ही सेवा. केंद्राने हाच धागा धरून १६ जुलै २००१पासून फोटोग्राफीवर सेवाकर बसवला. पण राज्याने हार मानली नाही. २००४मध्ये तीच नोंद पुन्हा आणली, तीही मागे जाऊन १९८९पासून लागू! पंधरा वर्षांपूर्वीच्या, गिऱ्हाइकाकडून कधीच न घेतलेल्या कराचा हिशेब छोट्या लॅबवाल्याने कुठून काढायचा? कायद्याला ते चालत असेल, व्यवहाराला ते धरून नव्हते. उच्च न्यायालयाने ही दुरुस्तीही रद्द केली. अखेर ३० जानेवारी २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला: काम मुख्यतः सेवेचे असले, तरी त्यातल्या मालापुरता कर लावता येतो. तोवर रोल धुणारे उरले होते किती?

या सगळ्या भांडणात जाहिरातीच्या फोटोचा विचार कुणी केलाच नाही. कुंदा किंवा करदंट ही इथली मिठाई विकणाऱ्या दुकानदाराला प्रिंट नकोच असते. त्याला हवा असतो तो फोटो डब्यावर, फ्लेक्सवर, आता मोबाइलवर वापरण्याचा हक्क.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला. माल की सेवा हा घोळ मिटला, सरळ १८ टक्के. आणि मग सीमा आडवी आली. वर्षाला २० लाखांपर्यंतच्या सेवेला नोंदणी लागत नाही. पण सुरुवातीला परराज्यात एक रुपयाचे काम केले तरी नोंदणी सक्तीची होती. बेंगळूरच्या फोटोग्राफरला याचे काय? सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली चंदगड, गडहिंग्लज, कागल ही ज्याची रोजची गिऱ्हाइके, त्याला विचारा. ती सक्ती ऑक्टोबर २०१७मध्ये सेवांपुरती उठली. एप्रिल २०१९पासून ५० लाखांपर्यंतच्या सेवावाल्यांना १८ऐवजी ६ टक्केच कर भरायची सवलत योजना मिळाली, पण तिलाही सीमेचीच अट: राज्याबाहेर सेवा द्यायची नाही.

अलीकडे रील आणि ड्रोनने धंदा फुगला आहे. २०२१च्या ड्रोन नियमांमुळे बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ उडवायचे तर आधी परवानगी काढावी लागते. जाहिरातीचा आवाज मराठीत एकदा, कन्नडमध्ये एकदा भरायचा, हे तर इथे जुनेच. कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे बंधनकारक झाले. पाटी बदलली की दुकानाचा दर्शनी फोटोही जुना होतो, आणि नवे काम निघते. निपाणीच्या फोटोग्राफरला ते निपाणीत करता येते. सवलत योजनेत असेल, तर अर्ध्या तासावरच्या कागलचे काम मात्र त्याला सोडून द्यावे लागते.