मिश्र वास्तव आणि स्मृतिऱ्हास असलेल्या वृद्धांचे स्वावलंबन

प्रत्यक्ष परिसरातील वस्तू आणि संगणकाने निर्माण केलेल्या प्रतिमा, खुणा किंवा आवाज एकाच जागी व एकाच वेळी अनुभवास आणणाऱ्या तंत्रास मिश्र वास्तव म्हणतात. स्मरण, अवधान, कृतींचा क्रम लावणे या बोधनिक क्षमता उतरणीला लागलेल्या वृद्धांना रोजची कामे शक्य तितकी स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठी होणारा त्याचा वापर हा या नोंदीचा विषय आहे.

ही संज्ञा पॉल मिलग्राम व फुमिओ किशिनो यांच्या १९९४ मधील निबंधामुळे रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. एका टोकाला निव्वळ प्रत्यक्ष, दुसऱ्या टोकाला निव्वळ आभासी परिसर धरून मधल्या सगळ्या पट्ट्याला त्यांनी हे नाव दिले. त्या हिशेबाने संवर्धित वास्तव (काहींच्या लेखनात परिवर्धित वास्तव), म्हणजे प्रत्यक्ष दृश्यावर संगणकीय प्रतिमा चढवणे, हा मिश्र वास्तवाचाच एक भाग ठरतो. कल्पना मात्र जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा दृश्यपडदा १९६८ मध्येच दाखवला होता. ‘संवर्धित वास्तव’ या शब्दप्रयोगाचे श्रेय बोइंगमधील टॉम कॉडेल यांना देतात. त्याचे वर्ष कोणी १९९० सांगतात, कोणी छापील निबंधावरून १९९२. दुसरे अधिक सुरक्षित. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा हेडसेट विकसकांच्या हाती आल्यावर मिश्र वास्तवाचा अर्थ आखडला आणि खोलीचा त्रिमितीय नकाशा घेऊन त्यात प्रतिमा बसवणारा हेडसेट म्हणजेच मिश्र वास्तव, असे अनेकजण समजू लागले. स्पायकर, हॉल व नेबेलिंग यांनी २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या मुलाखती व प्रसिद्ध निबंध तपासले, तेव्हा या एका शब्दाचे सहा निरनिराळे अर्थ निघाले. येथे मिलग्राम-किशिनोंचा विस्तृत अर्थच सोयीचा आहे, कारण वृद्धांसाठीची बरीच साधने डोक्यावर चढवायची नसतातच.

स्वावलंबन मोजण्याच्या पट्ट्या या तंत्राआधीच्या आहेत. आंघोळ, कपडे, जेवण अशा मूलभूत कृतींसाठी कॅट्झ यांची (१९६३), तर औषधे, पैसे, स्वयंपाक, खरेदी यांसाठी लॉटन व ब्रोडी यांची (१९६९). ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून बोलीत सगळे एकाच पोत्यात जाते. वैद्यकात मात्र सौम्य बोधनिक ऱ्हास आणि स्मृतिभ्रंश यांमधली रेघ बरीचशी याच कामांवरून ओढतात. सौम्य अवस्थेत चिठ्ठ्या किंवा गजर यांच्या आधाराने काम निभावले, तरी ते स्वतंत्रच धरले जाते. त्या न्यायाने मिश्र वास्तवात डब्यावर तरंगणारा बाण हीसुद्धा एक चिठ्ठीच.

काम पायऱ्यांमध्ये तोडणे आणि अडलेल्या पायरीवरच सूचना देणे, हा या साधनांचा गाभा. चहाचे उदाहरण घ्यावे. आधण ठेवले, साखर घातली; इथे थांबलेला माणूस पुन्हा साखरेच्या डब्याकडे वळतो. अशा वेळी बाण चहापावडरीच्या डब्यावर दिसावा, सोबत आवाज यावा आणि शेवटी गॅस बंद झाल्याखेरीज काम पुरे झाले असे यंत्राने मानू नये. आता अडचण अशी की होलोलेन्समधील प्रतिमांचे केंद्रांतर (डोळ्याला नजर जिथे स्थिरावावी लागते ते अंतर) सुमारे २ मीटरवर स्थिर आहे आणि त्या १.२५ मीटरपलीकडे ठेवाव्यात अशी उत्पादकाचीच शिफारस आहे. ओट्यावरचे काम तर हाताच्या अंतरावर चालते. त्यात दुभिंगी चष्मा, रंगांतला फरक ओळखण्याची उतरलेली क्षमता आणि डोक्यावरचे अर्धा किलोहून अधिक वजन. हवेत चिमटीने करायची खूण नव्याने शिकणे हा आणखी एक भार.

यामुळे प्रक्षेपकाने थेट ओट्यावर किंवा टेबलावर खुणा पाडण्याचा मार्ग अधिक आश्वासक वाटतो. या शाखेचा पाया घालणाऱ्या १९९८ मधील निबंधाचे पहिले लेखक रमेश रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. नेदरलँड्समधील ‘टोव्हरटाफेल’ हे यंत्र छतावरून टेबलावर हलती चित्रे पाडते. त्याचा रोख मात्र स्वावलंबनापेक्षा औदासीन्य घालवण्यावर आहे.

प्रयोगांचा पुरावा तुटपुंजा आहे. टोरोंटोतील ॲलेक्स मिहायलिडिस यांच्या गटाची ‘कोच’ ही प्रणाली काटेकोर अर्थाने मिश्र वास्तव नव्हे: बेसिनवरचा कॅमेरा हातांचा माग घेतो आणि पायरी चुकली की आवाजाने किंवा चित्रफितीने आठवण करतो. २००८ च्या अहवालात सहा सहभागींपैकी मध्यम अवस्थेतील व्यक्तींनी हात धुण्याच्या सरासरी ११ टक्के अधिक पायऱ्या स्वतः पार पाडल्या आणि त्यांना मदतनीसाची गरज ६० टक्क्यांनी कमी भासली. मेक्सिकोतील किंताना व फावेला यांनी (२०१३) सांभाळणाऱ्या माणसालाच घरातल्या वस्तूंना डिजिटल चिठ्ठ्या जोडू दिल्या. जर्मनीतील उल्म येथे स्वयंपाकासाठी, तर मिलानमध्ये स्मरणाच्या सरावासाठी होलोलेन्स वापरून पाहिले गेले.

धोक्यांपैकी एक मराठीत चटकन लक्षात येतो. ‘आभासी’ आणि ‘भास’ हे शब्द सख्खे. लेवी पिंडजन्य स्मृतिभ्रंशात (मेंदूच्या पेशींत प्रथिनांचे गोळे साचून होणाऱ्या प्रकारात) नसलेली माणसे वा प्राणी दिसणे हे प्रमुख लक्षण असते. अशा रुग्णापुढे हवेत मानवी आकृती उभी करणे योग्य नव्हे, बाण किंवा वस्तूभोवतीचा उजेड पुरेसा. सतत चालू असणाऱ्या कॅमेऱ्याला संमती कोणाची घ्यायची, हा प्रश्न ऱ्हास वाढेल तसा अवघड होतो, कारण सुरुवातीला हो म्हणणाऱ्याला नंतर तो कॅमेरा कशाचा हेच आठवत नाही.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या लोकांपर्यंत हे तंत्र पोचवण्यात किंमतही आड येते: होलोलेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीची, होलोलेन्स २ ची, मूळ किंमत ३,५०० डॉलर होती. त्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले.