संसद भवन (जुनं), नवी दिल्ली

दिल्लीतली गोल इमारत, २०२३ पासून संविधान सदन. राजधानीच्या मूळ आराखड्यात कायदेमंडळाला वेगळी इमारतच नव्हती, १९१९ च्या सुधारणांनी सभासद वाढले तेव्हा ती मागाहून बसवली गेली. पायाभरणी १२ फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कॉनॉटच्या हस्ते, उद्घाटन १८ जानेवारी १९२७ ला लॉर्ड आयर्विनच्या हस्ते, खर्च साधारण ८३ लाख.

आता खरा वाद आकाराचा. मध्य प्रदेशातल्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून (शिलालेखावरून साधारण १३२३, काहीजण त्याआधीचं मानतात) हे घेतलं असं व्हॉट्सअॅपवर ठामपणे फिरतं, नाशिकहून दिल्ली बघायला जाणाऱ्या ग्रुपला गाईडही बहुतेक तेच सांगतो. पण इमारतीचे वास्तुविशारद ल्युटेन्स किंवा बेकर यांनी तसं लिहून ठेवल्याचा पुरावा कोणी दाखवलेला नाही. बेकरला त्रिकोणी इमारत हवी होती, तीन सभागृहांचे तीन पंख आणि मधे घुमट, गोलाचा हट्ट ल्युटेन्सचा आणि तोच चालला. शिवाय मितावलीला कडेने ओवऱ्या, मधे मोकळं अंगण आणि अंगणात शिवमंदिर. इथे मधल्या सेंट्रल हॉलभोवती तीन अर्धगोल सभागृहं आणि त्यांच्यामधे बागा. म्हणजे साम्य बाहेरच्या वर्तुळाचं आणि खांबांच्या रांगेचंच, त्यामुळे थेट नक्कल म्हणणं जरा जास्तच होतं. गंमत म्हणजे शेजारची २०२३ ची नवी इमारत त्रिकोणीच आहे.

व्यास ५६० फूट, जागा जवळपास सहा एकर, बाहेरच्या व्हरांड्याला २७ फुटी १४४ खांब. दगड फिकट वालुकाश्म, त्यामुळे काळाराम नि त्र्यंबकेश्वरचा काळा पाषाण बघत वाढलेल्याला इमारत पहिल्यांदा फारच गोरी वाटते. सेंट्रल हॉलचा घुमट ९८ फूट व्यासाचा. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ पासून याच हॉलमध्ये बसली. तीन सभागृहांपैकी संस्थानिकांसाठी बांधलेल्या सभागृहात आधी फेडरल कोर्ट, मग १९५८ पर्यंत सुप्रीम कोर्ट चाललं. १९५६ मध्ये जागा पुरेना म्हणून वर दोन मजले चढवले.

नाशिकमधून १९५७ ला दादासाहेब गायकवाड इथल्या लोकसभेत गेले, १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण बिनविरोध, तेव्हा ते संरक्षणमंत्री होते.