दव, दही आणि चॉकलेटचं कवच

गोड चक्क्यात हापूसच्या फोडी कालवायच्या, त्याचे लहान गोळे गोठवायचे आणि वर चॉकलेटचं पातळ कवच चढवायचं, एवढीच ही कृती. घाटावर ती पहिल्याच खेपेला जमून जाते. तीच कृती अलिबागला किंवा मालवणात केली की सातआठ गोळे होईपर्यंत भांड्यातलं चॉकलेट चिखलासारखं दाटतं, कवचाला भेगा पडतात आणि वर पांढुरकी झाक येते. दोष मग उकाड्याला दिला जातो. उकाडा यात बऱ्यापैकी निरपराध आहे; खोड आहे ती दवाची.

एप्रिलच्या दुपारी घाटावर ३८ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण ७ अंश सेल्सिअस येतो. म्हणजे ७ अंशांपेक्षा थंड वस्तूवरच पाणी धरेल. किनाऱ्यावर त्याच वेळी पारा ३२ वरच असतो, पण आर्द्रता ७० टक्के असली की दवबिंदू २६ अंशांवर जातो. पावसाळ्यात २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असतानाही आकडा तोच, २६. तापमान कमी असूनही किनाऱ्यावरच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं, घाटावरच्या त्या कोरड्या दुपारी जेमतेम ७ ग्रॅम. फ्रीजरमधून काढलेला उणे १५ अंशांचा गोळा कोकणच्या हवेत ठेवला, की काही सेकंदांत त्याच्यावर हिमाचा पातळ थर चढतो. तो थर गोळ्याबरोबर चॉकलेटमध्ये बुडतो आणि तिथे वितळतो.

वितळलेलं चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण. त्यात पाणी जवळपास नसतंच. थोडंसं पाणी शिरलं की साखरेच्या कणांचा पृष्ठभाग विरघळून पाकासारखा चिकट होतो, कण एकमेकांना धरतात आणि पातळ रसाचा खरखरीत गोळा होतो. दोनशे ग्रॅम चॉकलेट बिघडवायला अर्धा चहाचा चमचा पाणी पुरतं. गंमत म्हणजे असं बिघडलेलं चॉकलेट आणखी पाणी किंवा दूध घालून पुन्हा पातळ होतं (पन्नास ग्रॅमला एक मोठा चमचा, गरम करून), पण मग तो सॉस झाला. त्याचं कवच धरत नाही.

म्हणून इथे पाळायचं ते एकच: गोठलेली वस्तू उघड्या हवेत जितकी कमी राहील तितकं बरं. बाकीची सगळी मापं आणि पायऱ्या त्याभोवती बसवायच्या.

आधी चक्का. साध्या दह्यात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते तसंच गोठवलं तर दाताखाली बर्फच येतो. एक लिटर फुल क्रीम दुधाचं दही पंचात बांधून आठ ते दहा तास टांगलं, तर साधारण ३५० ते ४५० ग्रॅम चक्का मिळतो. टांगायचं ते फ्रीजमध्ये, चाळणीत ठेवून, खाली पातेलं. खुंटीला टांगण्याची जुनी पद्धत थंडीत ठीक. मे महिन्यात ३० अंशांच्या वर दह्यातले जिवाणू रात्रभर आम्ल तयार करत राहतात आणि सकाळी चक्का इतका आंबट होतो की साखर घालून घालून हात दुखतो. गळलेल्या निवळीत कणीक छान भिजते.

तीनशे ग्रॅम चक्क्याला ३० ग्रॅम पिठीसाखर, १५ ग्रॅम मध, चिमूटभर मीठ आणि वेलची. मध चवीसाठी कमी, बर्फासाठी जास्त. पाण्यात काहीही विरघळलं की त्याचा गोठणबिंदू उतरतो, आणि तो किती उतरेल हे विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरतं. मधातल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे रेणू साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचे असतात, म्हणून तेवढ्याच वजनात ते दुपटीच्या जवळ भरतात आणि गोळा दगड होऊ देत नाहीत. मात्र १५ ग्रॅमवर जाऊ नये. गोठणबिंदू फार उतरला तर आतला पाक पातळ राहतो आणि पुढे कवचातून पाझरतो. मिश्रण चाखताना हवं त्यापेक्षा किंचित जास्त गोड लागायला हवं, कारण थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते.

आता फळ. हापूस पिकलेला पण घट्ट हवा. देठाजवळ मऊ पडलेला आंबा रस काढायला ठेवावा. कापल्यावर आत साका (गराचा पांढुरका, स्पंजासारखा भाग) निघाला तर तेवढा भाग कापून भागत नाही, आजूबाजूचा गरही आंबूस लागतो, तो आंबा बाजूला. दोनशे ग्रॅम फोडी, सेंटीमीटरभराच्या, कापून स्वच्छ फडक्यावर दहा मिनिटं पसरायच्या. फोडींवरचा सुटा रस चक्क्यात मिसळला तर टांगून घालवलेलं पाणी परत आलं.

फणस घ्यायचा तर कापा. बरक्याचा गर गिळगिळीत; त्याची साटं घालावीत, इथे तो उपयोगाचा नाही. कापा फणसाचे गरे उभे चिरून बारीक तुकडे केले की गोठल्यावरही त्यांना छान चाव राहतो, आणि काळ्या चॉकलेटशी फणसाचं जे जमतं ते आंब्याचंही जमत नाही. घोलवड-डहाणूकडचा चिकू चालतो, सालीखालचा रवाळ भाग थोडा जास्त सोलून. जांभळाचा गर घालायचा तर साखर पाच ग्रॅमने वाढवावी. कोकम सरबताचा अर्क दोन चमचे घातला तर चक्क्याला सुरेख गुलाबी रंग चढतो, पण मग मध वगळायचा, कारण अर्कात साखर भरपूर असते.

अननसाचं प्रकरण वेगळं आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. त्यातले काही तुकडे कडू लागतात. अननस घातलेलं दही तासाभरात पातळ आणि कडू होतं ते यामुळेच. गोठवल्याने हे विकर नष्ट होत नाही, फक्त झोपतं. गोळा तोंडात जाण्याआधी पाच मिनिटं बाहेर राहिला की पुन्हा कामाला लागतं. उपाय सोपा: फोडी थोड्या साखरेबरोबर पाच मिनिटं उकळू द्यायच्या, निथळायच्या, गार करायच्या. उष्णतेने विकर मोडतं. कच्चट पपईचीही हीच तऱ्हा.

चक्का आणि फळ हलक्या हाताने कालवून तीस तीस ग्रॅमचे गोळे, म्हणजे एक भरगच्च मोठा चमचा, बटर पेपर लावलेल्या स्टीलच्या थाळ्यात टाकायचे. एवढ्या मालाचे अठरा होतात. थाळा अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये ठेवलेला असावा. प्लास्टिकचा ट्रे नको. धातू उष्णता चटकन ओढून घेतो, आणि गोठणं जितकं वेगाने होईल तितके बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे स्फटिक जिभेला कचकच लागतात. गोळे वरून दाबून दीड सेंटीमीटर जाडीचे करावेत. जाडी दुप्पट झाली की गोठायचा वेळ दुप्पट होऊन थांबत नाही, चौपटीकडे झुकतो. चपट्या गोळ्याला चार तास, लाडवाएवढ्याला रात्र.

फ्रीजरवरच्या ताऱ्यांच्या खुणेकडेही पाहावं: एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एक ताऱ्याच्या बर्फाच्या कप्प्यात हा पदार्थ करू नये. गोळा बाहेरून कडक वाटतो, आत ओला असतो, आणि कवच चढवल्यावर आतलं पाणी गोठतं. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. कवच आतून तडकण्याचं हे पहिलं कारण.

चॉकलेट घेताना वेष्टन वाचा. घटकांत कोको बटर असेल तर खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड, केकच्या सामानाच्या दुकानात विटा मिळतात ते. कंपाउंड वापरायला सोपं, पण गोठलेल्या पदार्थावर ते मेणासारखं चघळत राहावं लागतं. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकरूपांत घट्ट होतं, असं १९६६ साली विली आणि लटन या संशोधकांनी मांडलं. दुकानातल्या चकचकीत चॉकलेटमध्ये पाचवं रूप असतं, ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं. ते रूप मिळवण्यासाठी चॉकलेट टेम्पर करण्याचा, म्हणजे ठरावीक तापमानांना तापवून-निववून घेण्याचा, जो खटाटोप असतो, तो इथे लागत नाही. गोठलेल्या गोळ्यावर कवच इतक्या झटक्यात धरतं की हलकी, कमी टिकाऊ रूपंच तयार होतात, आणि पदार्थ फ्रीजरमध्येच राहणार असल्याने ती बिघडायला वावही मिळत नाही.

अडचण वेगळीच असते. थंड घास तोंडात गेला की जीभही गार पडते. निव्वळ चॉकलेटचं कवच तिथे नीट वितळतच नाही, त्याच्या नुसत्या कपच्या होतात. इथे खोबरेल उपयोगी पडतं. ते २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून थंडीच्या सकाळी दापोलीकडे बाटलीतच थिजलेलं दिसतं. कोको बटरमध्ये ते मिसळलं की दोघांचं मिश्रण निव्वळ कोको बटरपेक्षा बरंच मऊ पडतं. चॉकलेटचे कारखाने हे मिश्रण टाळतात, कारण वडी खोलीच्या तापमानाला ढिली पडते. गोठलेल्या गोळ्याला मात्र हीच ढिलाई हवी: कवच फ्रीजरमध्ये कडक, तोंडात लगेच सैल, आणि आकसताना तडकत नाही. शंभर ग्रॅम डार्क चॉकलेटला एक मोठा चमचा, म्हणजे १३ ग्रॅमच्या आसपास. मिल्क चॉकलेटमध्ये दुधाची चरबी आधीच असते, त्याला ८ ग्रॅम पुरे. तेल खाण्याचं हवं. केसांच्या तेलाची बाटली शेजारीच असते, एवढंच सांगणं.

अठरा गोळ्यांना दोनशे ग्रॅम चॉकलेट. त्यातलं चाळीसेक ग्रॅम तळाशी उरेल, पण भांड्यात खोली असल्याशिवाय गोळा बुडत नाही. उकळत्या पाण्यावर भांडं धरून चॉकलेट वितळवण्याची पद्धत कोकणात टाळलेली बरी, वाफ भांड्यात उतरते. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या शक्तीवर वीस वीस सेकंद, दर वेळी ढवळून. नसेल तर पाणी उकळवून गॅस बंद करायचा आणि पातेल्यावर नीट बसणारं, पातेल्याहून रुंद भांडं ठेवायचं, म्हणजे फटीतून वाफ येणार नाही. खाली उतरवल्यावर भांड्याचा तळ आधी पुसायचा. डार्क ५० अंशांच्या, मिल्क ४५ च्या वर जाऊ देऊ नये. मग थांबायचं. बुडवायचं ते ३२ ते ३५ अंशांवर, म्हणजे ओठांच्या खाली थेंब लावला तर गरमही वाटत नाही आणि गारही नाही. घाई करून ४५ अंशांत बुडवलं तर गोळ्याचा वरचा थर वितळतो, कवच त्या पाण्यावरून घसरतं आणि भांड्यात पाणी जातं ते वेगळंच.

बुडवताना पंखा बंद. पंखा गोळ्यावर सतत नवी दमट हवा आणून सोडतो. फ्रीजरमधून एका वेळी तीनच गोळे काढायचे, बाकीचे आत. हिम दिसलं तर कोरड्या मऊ ब्रशने झटकायचं, बोटाने नाही. काट्यावर गोळा घ्यायचा, बुडवायचा, काटा भांड्याच्या काठावर दोनदा आपटायचा, गोळा बटर पेपरवर सरकवायचा. काजूचे तुकडे टाकायचे तर तेव्हाच. अर्ध्या मिनिटात कवच धरतं. तळाला काट्याची भोकं राहतात, तिथे चमच्याने चॉकलेटचा ठिपका द्यावा. टाचणीएवढ्या भोकातूनही पाक बाहेर येतो. तीन झाले की थाळा आत, पुढचे तीन बाहेर. कंटाळवाणं आहे, पण अठराही गोळे एकदम बाहेर काढून बसलं की नववा गोळा चिखलात पडतो. चॉकलेट दाटू लागलं की लोक ते पुन्हा गरम करतात. थंड होऊन दाटलं असेल तर ते बरोबर. रवाळ दिसत असेल तर पाणी शिरलंय, गरम केल्याने आणखी बिघडेल.

वरची पांढुरकी झाक दोन प्रकारची. बोट घासल्यावर खरखरीत लागली तर दवाने विरघळलेली साखर पुन्हा सुकली आहे. गुळगुळीत असून बोटाच्या उबेने नाहीशी झाली तर चरबी वर आली आहे. दोन्ही खायला निर्धोक. पहिली टाळायला गोळे हवाबंद डब्यात ठेवावेत, आणि खायच्या वेळी डबा न उघडता पाच मिनिटं बाहेर ठेवावा. दव डब्यावर धरेल, चॉकलेटवर नाही.

हवाबंद डब्याला इथे दुसरंही कारण आहे. कोकणातल्या फ्रीजरमध्ये शेजारी सुरमई असतेच, आणि चरबी वास फार तत्परतेने उचलते. डबा मासळीच्या वरच्या कप्प्यात, कधीही खाली नाही. असे ठेवले तर गोळे दोन-तीन आठवडे चांगले राहतात. पुढे बर्फ हळूहळू उडून जातो आणि फळ चिवट होतं.

वळवाच्या पावसात वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडू नये. त्यासाठी आधीच एक सोय करून ठेवावी: वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवायचं. वीज आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. बर्फात रुतलेलं दिसलं तर गोळे अर्धवट सुटले होते. ते पुन्हा गोठतील, पण मोठ्या स्फटिकांनी कचकचीत होऊन, म्हणून ते आधी संपवावेत. नाणं तळाशी गेलेलं असेल तर सगळं वितळून किती वेळ झाला हे कळायला मार्ग नाही, गोळे टाकून द्यावेत. शेजारची सुरमईही.