मिरजेची जवारी आणि बदलती माध्यमे

लहर वाटेत असतानाच माध्यम बदलले तर काय होते? ध्वनिक मेटामटेरियलवर, म्हणजे आवाजाला हवे तसे वळवण्या-अडवण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या रचनांवर, काम करणाऱ्या प्रयोगशाळांत सध्या हा प्रश्न गाजतो आहे. त्याच्या मागे गेले की तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, लागते. मिरजकरांना ती ओळखीची.

एकोणिसाव्या शतकात इथले हत्यारांना धार लावणारे शिकलगार सतार-तंबोऱ्याकडे वळले. घोडीचा माथा किंचित वक्र घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तो भरीव, झणझणीत नाद, काढल्याशिवाय इथला तंबोरा दुकानाबाहेर पडत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली नेमके यावर लिहिले. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा) स्थिर, न हलणारा बिंदू येतो, ते नियमाप्रमाणे उमटू नयेत. तंबोऱ्यावर ते खुशाल उमटतात, कारण कंपणारी तार घोडीच्या उतारावर टेकते, सुटते. तिची मोकळी लांबी क्षणाक्षणाला बदलते.

रामन त्याआधीच, कोलकात्यात अर्थखात्याची नोकरी सांभाळून, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मेल्डे यांच्या प्रयोगामागे लागले होते. तारेच्या टोकाला जोडलेला नादकाटा (एकाच सुरात कंपणारा धातूचा चिमटा) तारेच्या दिशेनेच हलला की ताण कमीजास्त होतो आणि तार काट्याच्या निम्म्या वारंवारतेने डोलू लागते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी १८८३ मध्ये त्याचे गणित मांडले. जवारीत बदल तार स्वतः घडवते, इथे तो बाहेरून लादलेला असतो. हा फरक मोठा आहे. पूर्वजांना मेटामटेरियल ठाऊक होते, असली फुशारकी म्हणूनच नको.

हवेतून पाण्यात शिरताना आवाजाची वारंवारता तीच राहते, तरंगलांबी बदलते. सगळे माध्यम एका क्षणात बदलले तर उलटे होते: तरंगलांबी तीच, वारंवारता वेगळी. अमेरिकी संशोधक मॉर्गेनथेलर यांनी १९५८ मध्ये हे विद्युतचुंबकीय लहरींसाठी दाखवले. ध्वनीला त्यासाठी घडवलेली माध्यमे हवी होती. २००० साली हाँगकाँगच्या संशोधकांनी शिशाच्या गोळ्यांवर सिलिकॉन रबर चढवून, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीत, शेकड्यांतल्या हर्ट्झचा आवाज अडवला. पण ती रचना एकदा घडली की घडली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनला एका कड्यात पंख्यांनी हवा फिरवून आवाज एकाच दिशेने जाऊ दिला गेला, आणि पुढे फिरत्या हवेऐवजी आवाज जिथे घुमतो त्या पोकळ्यांचेच गुणधर्म तालात बदलण्याची कल्पना आली.

प्रकाशासाठी हे फार अवघड, कारण माध्यम त्याच्या प्रचंड वारंवारतेच्या तोडीने बदलावे लागते. ऐकू येणारा आवाज वीस हजार हर्ट्झच्या आतला. साध्या इलेक्ट्रॉनिक्सला तो वेग सहज गाठता येतो.