घड्याळातले किलोमीटर येतात कुठून?

गेल्या पावसाळ्यात मी आणि धाकटा भाऊ एका रविवारी पहाटे पुण्यातल्या गणेशखिंड रस्त्यानं विद्यापीठाच्या आवारात शिरलो, तिथल्या मोठ्या झाडांखालून दोन फेऱ्या मारल्या आणि औंधला वळसा घालून परत आलो. सगळा वेळ खांद्याला खांदा लावून पळालो. थांबलो तेव्हा माझ्या घड्याळात १०.४२ किलोमीटर, त्याच्या घड्याळात ९.८७. वेळ दोघांचीही तासभर. म्हणजे माझा पेस, एका किलोमीटरला लागलेला वेळ, ५:४५ मिनिटं आणि त्याचा ६:०५. "दादा, तुझं घड्याळ चढवून सांगतंय," तो म्हणाला. मला वाटत होतं, त्याचं खातंय. घड्याळं तर एकाच कंपनीची होती.

घरी येऊन दोघांचे नकाशे शेजारी शेजारी उघडले आणि मोठे करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. आम्ही दोघंही बरोबर होतो.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी. हातावरचं घड्याळ अंतर मोजतच नाही. ते आपण कुठे आहोत याचे ठिपके गोळा करतं आणि त्यांच्यातलं अंतर जोडत जातं. ठिपका मिळतो जीपीएसच्या उपग्रहांकडून. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरताना सतत वेळ सांगत असतात. संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाच्या साधारण सात शतांश इतका वेळ लागतो आणि त्या वेळेवरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. इथे वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणून जागा ठरवायला तीन उपग्रह पुरेसे वाटले तरी चौथा लागतो. आपल्या मनगटावरच्या साध्या घड्याळाची वेळ किती चुकतेय, ते त्याच्यामुळे कळतं.

आता समजा, प्रत्येक ठिपका दहा मीटर पूर्वेला सरकलेला आहे. नकाशावर तुम्ही रस्ता सोडून शेजारच्या सोसायटीतून पळताना दिसाल, पण अंतर जवळपास बरोबर येईल, कारण सगळे ठिपके सारखेच सरकलेत. घोळ होतो तो ठिपके थरथरायला लागले की. सहा मिनिटांना किलोमीटर या वेगात आपण सेकंदाला सुमारे २.८ मीटर पुढे जातो. दर सेकंदाचा ठिपका आधीच्या ठिपक्यापेक्षा एक मीटर डावीकडे, मग एक मीटर उजवीकडे असा पडत गेला, तर सरळ रेषेची नागमोडी रेषा होते आणि दहा किलोमीटरला सहाशे मीटर वाढतात. ही थरथर अंतर वाढवतच जाते. डावीकडची चूक उजवीकडच्या चुकीनं फिटत नाही. घड्याळ बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून घड्याळ रेषा थोडी गुळगुळीत करून घेतं. शिवाय उपग्रहाच्या लहरींची फ्रिक्वेन्सी किती बदलली यावरून वेगही काढतं. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिटी बारीक होते आणि लांब जाताना जाड होते, तेच हे तत्त्व.

माझ्या नकाशात गणेशखिंड रस्त्यावर, मेट्रोच्या पुलाखाली, रेषा अक्षरशः शिवणीच्या टाक्यांसारखी दिसत होती. वर काँक्रीट, बाजूला इमारती. लहरी सरळ न येता भिंतींवर आपटून येतात, थोड्या उशिरा पोचतात आणि घड्याळाला उपग्रह लांब वाटतो. विद्यापीठातल्या झाडांखालीही तेच, थोडं सौम्य. ओली पानं कोरड्या पानांपेक्षा जास्त लहरी शोषतात. त्यामुळे तोच रस्ता मे महिन्यात आणि जुलैत वेगळा भरला, तर नवल वाटायला नको.

भावाच्या नकाशात मात्र वळणंच नव्हती. बॅटरी टिकावी म्हणून त्यानं बचतीचा मोड लावला होता आणि घड्याळ मिनिटाला एकच ठिपका घेत होतं. मिनिटभरात तो १६० मीटरच्या पुढे जायचा. आवारातला वळणदार रस्ता घड्याळानं सरळ रेषेनं कापून टाकला होता. माझं अंतर थरथरीनं फुगलं होतं, त्याचं वळणं कापल्यानं आटलं होतं. खरं अंतर मध्ये कुठेतरी होतं.

आणखी एक चूक मी वर्षभर करत होतो. दारातून बाहेर पडायचं आणि बटण दाबायचं. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीनं पाठवतो आणि ती पूर्ण मिळायला अर्धा मिनिट तरी लागतो. दरम्यान इमारतीमागे सिग्नल तुटला की पुन्हा वाट पाहणं आलं. म्हणून मोकळ्या जागी, घड्याळ आकाशाकडे करून, शांत उभं राहायचं. जीपीएस पकडलं असं घड्याळ म्हणालं, तरी वर एक मिनिट थांबायचं. आदल्या रात्री फोनशी सिंक केलेलं असेल, तर काम लवकर होतं, कारण पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज आधीच घड्याळात उतरलेला असतो.

चढामुळे अंतर चुकतं, असं टेकडीवर पळणारे नेहमी सांगतात. दहा टक्के चढावरसुद्धा तिरकं अंतर आडव्या अंतरापेक्षा फक्त अर्धा टक्का जास्त असतं. टेकडीवर दोष द्यायचा तर झाडांना द्यावा.

हे झालं पळण्याचं. सायकलवर चाकाचा सेन्सर असेल, तर जीपीएसचा संबंधच उरत नाही. चाकाचे फेरे गुणिले चाकाचा घेर, एवढंच गणित. सेटिंगमध्ये २०९६ मिलिमीटर आणि प्रत्यक्षात जाड टायरचा घेर २१५५ असेल, तर पन्नास किलोमीटरमागे १.४ किलोमीटर हरवतात. टायर बदलला की फरशीवर खडूची खूण करावी, सीटवर बसून चाक एक फेरा पुढे न्यावं आणि टेपनं मोजावं. पोहताना घड्याळ हाताच्या हालचालीवरून वळणं मोजतं आणि तलावाच्या लांबीनं गुणतं. सोसायटीचा तलाव १८ मीटरचा आणि सेटिंग २५ चं, ही गल्लत फार होते. बोर्ड धरून नुसते पाय मारले, तर हात हलत नाही आणि ती लांबी मोजलीच जात नाही. ट्रेडमिलवर किंवा फुटपॉड, म्हणजे बुटावरचा सेन्सर, लावून पळताना पावलांच्या झटक्यांवरून अंदाज बांधला जातो. तो ४०० मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमध्ये तीन फेऱ्या मारून सुधारता येतो: १२०० ला ११६४ दाखवलं, तर सेटिंगमधल्या आधीच्या गुणकाला १.०३१ नं गुणायचं. लेन मात्र पहिलीच हवी. दुसऱ्या लेनची फेरी सुमारे ४०७ मीटरची असते.

मॅरेथॉन शर्यतीत ४२.१९५ किलोमीटरच्या जागी ४२.६ दिसलं, म्हणून आयोजकांवर चिडू नये. मार्ग सायकलला काउंटर लावून मोजतात, तोही वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या रेषेनं. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक भाग, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर, मुद्दाम वाढवलेले असतात. गर्दीतून वाट काढत पळणारा त्या रेषेवर कधीच नसतो.

पुढच्या रविवारी भावाचा बचतीचा मोड बंद केला, दोघांनी दर सेकंदाची नोंद लावली, मोकळ्या मैदानात दोन मिनिटं उभे राहिलो आणि त्याच रस्त्यानं पळालो. १०.१७ आणि १०.१२. पुलाखाली माझी रेषा अजूनही टाके घालतेच आहे. त्या पट्ट्यात आता मी पेस घड्याळाकडे नाही, श्वासाकडे लक्ष ठेवून धरतो.